चार तासांची हरित दिवाळी

१२ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते. त्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत आपल्या मुंबईतील ग्राहकांची विजेची सारी गरज नवीकरणीय स्रोतांतून भागवली, असे अदानी इलेक्ट्रिसिटी या वितरण कंपनीने जाहीर केले. आपल्या एकूण पुरवठ्यात अशा विजेचा वाटा ३८ टक्क्यांवर पोहोचला आहे, असेही कंपनीने सांगितले. वर्तमानपत्रांत ही बातमी ‘मुंबईची हरित दिवाळी’ या अर्थाच्या मथळ्यांनी आली. मालाडपासून घाटकोपरपर्यंतच्या शाळांत प्रकल्पवह्या लिहिणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ती घरची बातमी होती, कारण त्यांच्या घरचे दिवे याच कंपनीच्या तारांवर जळतात.

बातमी चांगली आहे, यात शंका नाही. २०२०-२१ साली या कंपनीच्या पुरवठ्यात नवीकरणीय विजेचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. तीन वर्षांत तो ३८ टक्क्यांवर जाणे सोपे नाही. राजस्थानात जैसलमेर येथे सूर्य आणि वारा या दोहोंवर चालणारे संयुक्त केंद्र उभे राहिले, त्यातून ७०० मेगावॉटचा पंचवीस वर्षांचा करार झाला, आणि तो प्रतियुनिट ३ रुपये २४ पैसे अशा दराने झाला. नवीकरणीय वीज महागच असते, हा समज या एका आकड्याने खोटा ठरतो. हे काम झाले आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

प्रस्तुत लेखाचा विषय ते काम नसून ते लोकांना कसे सांगितले गेले हा आहे. हवामानबदलावरील उपायांची माहिती आज आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पाठ्यपुस्तकापेक्षा जाहिरातींतून, फलकांतून आणि कंपन्यांच्या निवेदनांतून जास्त पोहोचते. या निवेदनांतील बहुतेक वाक्ये खोटी नसतात. ती अपुरी असतात. अपुरे वाक्य खोट्या वाक्यापेक्षा शिकवायला अवघड असते, कारण त्याच्यापुढे नुसती फुली मारून भागत नाही. ‘कोणाची?’, ‘केव्हा?’, ‘किती?’ आणि ‘कोणाच्या खात्यावर?’ असे चार प्रश्न त्याला विचारावे लागतात. दिवाळीच्या त्या बातमीला हेच चार प्रश्न विचारून पाहू.

कोणाची?

मुंबईला एकच कंपनी वीज पुरवत नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहरभागात बेस्टचा पुरवठा आहे. मुलुंड आणि भांडुप येथे महावितरणचा आहे. पश्चिम उपनगरांचा आणि पूर्व उपनगरांतील काही भागांचा मिळून सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा टापू अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय या नावाने सुरू झालेली हीच कंपनी. पुढे ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८ साली अदानी समूहाकडे आली. याच टापूत, याच तारांवरून, काही ग्राहक टाटा पॉवरचीही वीज घेतात. म्हणजे मालाडमधील एकाच इमारतीत शेजारच्या दोन घरांची बिले दोन कंपन्यांची असू शकतात.

तेव्हा ‘मुंबई चार तास हरित विजेवर चालली’ या वाक्यातील ‘मुंबई’ म्हणजे एका कंपनीचे ग्राहक. मुलुंडचे घर त्यात नव्हते आणि गिरगावचेही नव्हते. निवेदनातून मथळ्यात येताना हा तपशील गळून पडतो.

केव्हा?

आता वेळ पाहू. सकाळी दहा ते दुपारी दोन. दिवाळीच्या दिवशी दिवे लावतात ते तिन्हीसांजेला. लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतर होते. आकाशकंदील, दारावरच्या माळा, दुकानांची रोषणाई हे सारे संध्याकाळी सहानंतरचे. मुंबईत नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जैसलमेरलाही त्याच सुमारास. म्हणजे ज्या दिव्यांनी दिवाळी ओळखली जाते, त्यांतील बहुतेक त्या चार तासांच्या बाहेर लागले.

तीच वेळ का साधली, हे समजणे अवघड नाही. रविवार, त्यातून सण. कार्यालये बंद, कारखाने बंद. नोव्हेंबरात उकाडा ओसरलेला असतो, त्यामुळे वातानुकूलन यंत्रांचा भार उन्हाळ्यापेक्षा बराच कमी असतो. आणि सूर्य माथ्यावर. मागणी कमी आणि सौर उत्पादन भरपूर असा हा योग वर्षातील थोड्याच दिवशी जुळून येतो. याउलट मे महिन्यात या कंपनीची कमाल मागणी २००० मेगावॉटच्या आसपास जाते. रात्री अकरा वाजता मालवणीतील पत्र्याच्या घरातला पंखा आणि लिंक रोडवरच्या मनोऱ्यातील वातानुकूलन यंत्र एकाच वेळी चालू असतात, आणि तेव्हा सूर्याची मदत शून्य असते.

विजेचा मोठा साठा करणे अजून स्वस्त नाही. ती ज्या क्षणी लागते त्याच क्षणी बहुतांशी तयार करावी लागते. त्यामुळे ‘वर्षभरात ३८ टक्के’ आणि ‘दर तासाला ३८ टक्के’ ही दोन सर्वस्वी वेगळी विधाने आहेत. सरासरीचा हाच स्वभाव आहे. वर्षाच्या सरासरी पावसावर शेत पिकत नाही. तो कधी पडला हे शेतकरी विचारतो. विजेबाबतही तोच प्रश्न विचारायला हवा.

किती?

वातावरणाला टक्के कळत नाहीत. त्यात दर वर्षी किती टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, यावरच तापमानवाढ अवलंबून असते. टक्केवारी आणि टन यांतील फरक एका सोप्या उदाहरणाने दाखवता येईल.

समजा, पहिल्या वर्षी एकूण १०० युनिट वीज लागली. त्यातील ३ युनिट नवीकरणीय, उरलेली ९७ इतर. काही वर्षांनी एकूण गरज १२५ युनिटांवर गेली आणि नवीकरणीय वाटा ३८ टक्के झाला. म्हणजे ४७.५ युनिट नवीकरणीय आणि ७७.५ इतर. इतर वीज ९७ वरून ७७.५ वर आली. ही घट २० टक्के आहे. २० टक्के घट ही चांगलीच घट. पण ‘३ वरून ३८’ हे ऐकून मनात जे चित्र उभे राहते, त्याच्याशी ती जुळत नाही. १२५ हा आकडा येथे केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. मात्र २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष होते आणि त्या वर्षी कार्यालये व दुकाने बराच काळ बंद होती, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. तुलनेसाठी कोणते वर्ष धरले, हा प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारण्याची सवय यातून लागते.

दुसरे गणित घरच्या बिलाचे. मालाडमधील एका कुटुंबाला महिन्याला २०० युनिट लागतात असे धरू. त्यातील ६२ टक्के, म्हणजे १२४ युनिट, नवीकरणीय नाहीत. ती सगळी कोळशाची आहेत असे धरले आणि कोळशाच्या एका युनिटामागे ढोबळमानाने १ किलो कार्बन डायऑक्साइड मोजला, तर महिन्याला सुमारे १२४ किलो होतात. आता देशातील कोणत्याही सर्वसाधारण घराचे पाहा. भारतातील साऱ्या विजेची सरासरी, त्यात जलविद्युत, अणुविद्युत, सूर्य आणि वारा हे सारे धरून, युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे. २०० युनिटांचे १४० किलो झाले. १२४ आणि १४०. फरक आहे आणि तो हवासाच आहे. पण एक घर ‘हरित’ आणि दुसरे ‘काळे’ म्हणावे एवढा तो नाही. हे गणित ढोबळ आहे, कारण कंपनीची उरलेली सारी वीज कोळशाचीच असेल असे नाही. तरीही आकड्यांचा आवाका त्यातून कळतो, आणि जाहिरातीतून नेमका तोच कळत नाही.

कोणाच्या खात्यावर?

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने एक नवी सोय केली. ज्या ग्राहकाला शंभर टक्के नवीकरणीय वीज हवी असेल, त्याने प्रतियुनिट ६६ पैसे जादा द्यावेत आणि तशी वीज घ्यावी. कल्पना स्तुत्य होती. परंतु अशा योजनेचा आधार घेऊन एखाद्या कार्यालयाच्या दारावर ‘ही इमारत शंभर टक्के हरित विजेवर चालते’ अशी पाटी लागते, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकाने थोडे थांबावे.

तारेतून जैसलमेरचे इलेक्ट्रॉन मालाडला येत नाहीत. आपली वीज प्रत्यावर्ती आहे. तारेतील इलेक्ट्रॉन सेकंदाला ५० वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात, आणि वाहून येते ती ऊर्जा. ग्रिडला जोडलेली सारी केंद्रे मिळून ती पुरवतात. हे समजावण्यासाठी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवरची टाकी उपयोगी पडते. टाकीत महापालिकेचे पाणी पडते आणि टँकरचेही पडते. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने टँकरचे जादा पैसे भरले, म्हणून त्यांच्या नळाला टँकरचेच पाणी येत नाही. सर्वांना मिश्र पाणीच मिळते. त्यांनी भरलेल्या पैशांतून एक टँकर जास्त आला का, एवढाच खरा प्रश्न असतो.

हरित वीजदराचेही तसेच आहे. कायद्याप्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला ठराविक प्रमाणात नवीकरणीय वीज घ्यावीच लागते. ग्राहकाच्या ६६ पैशांमुळे त्या बंधनापलीकडे नवी पवनचक्की किंवा नवी सौरपट्टी उभी राहिली, तर वातावरणाचा फायदा झाला. जी वीज तशीही घेतली जाणार होती तीच एका इमारतीच्या नावे लिहिली गेली, तर उरलेल्या ग्राहकांच्या वाट्याला तेवढी जास्त कोळशाची वीज आली. बेरीज तीच राहिली. पाटीवर यातील काय घडले ते लिहिलेले नसते.

खात्याचा हा प्रश्न डहाणूत आणखी स्पष्ट होतो. मालाडच्या उत्तरेला किनाऱ्यालगत डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठीच ते बांधले गेले आणि १९९५-९६ मध्ये सुरू झाले. डहाणू तालुका त्यापूर्वीच, १९९१ साली, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला होता. चिकूच्या बागायतदारांनी आणि पर्यावरणप्रेमींनी दिलेल्या लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमण्यात आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे २००७ साली केंद्राला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसली. नागरिकांच्या चिकाटीचा तो मोठा विजय होता.

येथे एक भेद वर्गात आवर्जून सांगावा. ही यंत्रणा धुरातील सल्फर डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात विरघळवते. त्यामुळे बागा आणि माणसांची फुप्फुसे यांचे रक्षण होते. कार्बन डायऑक्साइड मात्र ती अडवत नाही. उलट, तयार झालेले आम्ल समुद्राच्या पाण्यातील बायकार्बोनेटमुळे उदासीन होताना थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडतो. कोळशाच्या ज्वलनातून येणाऱ्या वायूच्या मानाने तो अगदी किरकोळ असतो, एवढेच. तेव्हा ‘स्वच्छ औष्णिक केंद्र’ हे शब्द प्रदूषणापुरते खरे असू शकतात, हवामानापुरते नाहीत. दोन्हींना एकच ‘स्वच्छ’ शब्द वापरला की वाचकाची गल्लत होते.

२०२४ साली हे केंद्र अदानी इलेक्ट्रिसिटीकडून समूहातीलच अदानी पॉवरच्या बाजूला गेले. कंपन्यांमध्ये असे व्यवहार होत असतात आणि त्यांना अनेक कारणे असतात. त्याचा हिशेबावर होणारा परिणाम तेवढा पाहावा. देणाऱ्या कंपनीच्या मालमत्तेत कोळशाचे केंद्र उरले नाही. घेणाऱ्या कंपनीच्या क्षमतेत ५०० मेगावॉटची भर पडली. चिमणी जागच्या जागी राहिली. उद्या एखाद्या अहवालात ‘आमच्या मालकीच्या केंद्रांतील उत्सर्जन’ या रकान्यात मोठी घट दिसली, तर ती घट कोळसा कमी जाळल्याने झाली की रकाना बदलल्याने, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जाहिरातीत न मावणारे

स्वच्छ वीज मुंबईला नवी नाही. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली. धूर न सोडणाऱ्या या विजेचे त्या काळीही कौतुक झाले. परंतु भिऱ्याला पाणी देणाऱ्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातील गावे बुडाली आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. मुंबईत दिवा लागला तेव्हा मावळात कोणाची तरी भातखाचरे पाण्याखाली गेली, ही गोष्ट महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच कळली होती.

आज जैसलमेरच्या भागात माळढोक पक्षी उरले आहेत, आणि वीजवाहिन्यांना धडकून ते मरतात. नान्नजमुळे हा पक्षी आपल्या विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. या वाहिन्या जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. माळढोकही वाचला पाहिजे आणि सौरवीजही आली पाहिजे, अशी ही कठीण गाठ आहे. म्हणून सौरवीज नको असे कोणी म्हणू नये. कोळशाची किंमत याहून कितीतरी मोठी आहे. परंतु उपाय फुकट असतो असे मुलांना शिकवले, तर पहिली अडचण दिसताच ती उपायावरचाच विश्वास गमावतील.

जाहिरातीत आणखी एक गोष्ट मावत नाही: कंटाळवाण्या कामांचे महत्त्व. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या पुरेशा नसतील तर शहराला आपल्याजवळच्या औष्णिक केंद्रांवर अवलंबून राहावे लागते, हा त्या दिवसाचा धडा होता. २०२३ साली खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. संध्याकाळच्या विजेसाठी साठवण लागते. दिवसा स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचे आणि रात्री ते खाली सोडून वीज घ्यायची, ही उदंचन पद्धत घाटघर येथे २५० मेगावॉट क्षमतेने २००८ पासून चालू आहे. वाहिनी, साठवण आणि मागणीची वेळ बदलणे, या तीन गोष्टींशिवाय रात्रीची मुंबई कोळशापासून सुटणार नाही. कंपनीने २०२७ पर्यंत ६० टक्क्यांचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. त्याची खरी परीक्षा दुपारी बाराला नव्हे, रात्री आठला आहे.

कायदा आणि वर्ग

अपुऱ्या दाव्यांची दखल आता नियमांनीही घेतली आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची पर्यावरणविषयक दाव्यांसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘हरित’, ‘स्वच्छ’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरू नयेत, हा त्यांचा आशय आहे. नियम चांगले आहेत. पण प्रत्येक फलकापाशी अधिकारी उभा राहू शकत नाही. तेथे वाचकच उभा असतो, आणि तो वाचक आपल्या वर्गातून गेलेला असतो.

त्यासाठी खर्चाचा नसलेला एक प्रयोग सुचवावासा वाटतो. एका रविवारी प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या वीजमीटरवरचा आकडा सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा वाजता वहीत टिपावा. मीटरला हात लावण्याची गरज नाही, नुसता आकडा वाचायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा आकडा घेतला की चोवीस तास पूर्ण होतात. मग दहा ते दोन या चार तासांत दिवसातील किती टक्के वीज खर्च झाली, ते काढावे आणि साऱ्या वर्गाचा आलेख एकत्र मांडावा. हाच प्रयोग शाळेच्या दिवशी आणि पुन्हा उन्हाळ्यात केला तर फरक डोळ्यांनी दिसेल. त्यानंतर एखादी जाहिरात फळ्याजवळ लावून चार प्रश्न विचारावेत.

यात एक धोका आहे आणि तो शिक्षकाने ओळखायला हवा. चार प्रश्न विचारता विचारता मुले ‘सगळे खोटेच असते’ या निष्कर्षाला येऊ शकतात. तो निष्कर्ष जाहिरातीइतकाच आळशी आहे, आणि कोळसा जाळत राहणाऱ्यांना तो फार सोयीचा आहे. ३ चे ३८ झाले हे खरे आहे, ते चार तास खरे होते आणि दिवसाचे उरलेले वीस तासही खरे होते. हे सारे एकाच वहीच्या पानावर लिहिता येणारा विद्यार्थी तयार झाला, तर उद्याच्या ग्राहकाला आणि मतदाराला कोणी अर्ध्या वाक्यावर समाधान मानायला लावू शकणार नाही.